ईसीसी रॅम बसवली, पण ईसीसी चालू आहे का?

ईसीसी म्हणजे ‘एरर करेक्टिंग कोड’, रॅममधल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय. आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं ते कळेल.

पहिलं लक्षण म्हणजे काहीच न होणं. मशीन सुरळीत चालतं, रॅम पूर्ण दिसते, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ईसीसीसमोर ‘एनेबल्ड’ असतं आणि वर्षभर चुकांचा आकडा शून्य राहतो. या शून्याचे दोन अर्थ निघतात: एक तर चूक झालीच नाही, नाहीतर मोजायला कुणी बसलेलंच नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मशिनांचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं.

दुसरं, नवी रॅम लावली की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. तिसरं, बायोस पालथं घातलं तरी ईसीसीचा पर्याय सापडत नाही. आणि चौथं, लॉगमध्ये ‘करेक्टेड एरर’ दिसायला लागतात आणि घरचे म्हणतात, “अगं, रॅम खराब निघाली वाटतं.” या चौघांत मला चौथंच सगळ्यात आवडतं. निदान यंत्रणा जागी आहे हे तरी कळतं.

मी दुकानदार नाही. ओळखीपाळखीत घरचे सर्व्हर लावून देता देता हा एकच घोळ इतक्यांदा निस्तरलाय की आता फोनवर सांगण्यापेक्षा लिहून ठेवावं म्हटलं. सुरुवात सांगलीच्या मावसभावापासून झाली. तो लग्नाचे फोटो काढतो. एके दिवशी त्याने हळदीचा एक फोटो पाठवला. वरचा भाग चोख, पण नवरीच्या मुंडावळ्यांपासून खालचा अख्खा फोटो गुलाबी, जणू मधोमध कुणी रंगीत काच धरलीय. जेपेगमध्ये एखादा बिट चुकीच्या जागी उलटला की पुढचं सगळं असं बिघडू शकतं. त्याच्या सर्व्हरवर झेडएफएस होतं, म्हणजे फाइली ठेवताना त्यांची पडताळणीही करणारी फाइल सिस्टिम. स्क्रब (सगळ्या डेटाची पडताळणी) केला तर एकही चूक नाही, डिस्क धडधाकट. म्हणजे फाइल डिस्कवर पोचायच्या आधीच बिघडलेली होती, आणि झेडएफएसने त्या बिघडलेल्या फाइलचाच चेकसम (पडताळणीचा आकडा) काढून ती इमानदारीने जपून ठेवली होती. “पण ताई, मी तर ईसीसी रॅम घेतलीय,” हे त्याचं वाक्य. घेतली होती, खरंच. ईसीसी चालू मात्र नव्हतं.

ईसीसी करतं काय, ते दोन मिनिटांत सांगते, कारण पुढच्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. महिनाअखेरीला हजेरीपटाची आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळवत बसायची. एका मुलाच्या एका दिवशी चुकून हजेरी लागली तर एक आडवी ओळ आणि एक उभा रकाना जुळायचा नाही. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे चूक, खोडा आणि दुरुस्त करा. दोन ठिकाणी चुकलं तर मात्र ‘कुठेतरी चुकलंय’ एवढंच कळायचं. ईसीसी साधारण याच तत्त्वावर चालतं. दर ६४ बिट माहितीमागे ८ बिट पडताळणीचे असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर दुरुस्ती होत नाही पण चूक पकडली जाते. याचं मूळ बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगपाशी जातं. शनिवार-रविवारी लावून ठेवलेलं काम चूक येताच मशीन सोडून देतं, याला तो वैतागला होता. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली तेही का कळू नये, हा त्याचा प्रश्न. १९५० साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली.

ही हजेरी घेणारा असतो प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. रॅमची पट्टी फक्त जास्तीचे ८ बिट ठेवायला जागा देते. कंट्रोलरने बेरीज केलीच नाही तर ते रकाने रिकामे पडून राहतात आणि मशीन साध्या रॅमसारखं चालतं. कुठेही तक्रार येत नाही. सगळी गोम इथेच आहे.

पहिली तपासणी: मशीनलाच विचारा

याला पैसे लागत नाहीत आणि कॅबिनेटही उघडावं लागत नाही. कमांड फोनवर सांगते तशाच लिहितेय.

लिनक्सवर टर्मिनल उघडा आणि सूडो, डीएमआयडीकोड, डॅश टी, मेमरी असं द्या. प्रत्येक पट्टीपुढे ‘टोटल विड्थ’ आणि ‘डेटा विड्थ’ दिसेल. ७२ आणि ६४ आलं तर पट्टी ईसीसीची आहे. डीडीआर५ असेल तर ८० आणि ६४ सुद्धा येऊ शकतं. दोन्हीकडे ६४ असेल तर रॅमच साधी आहे किंवा बायोसला तरी ती तशी दिसतेय, मग सरळ दुसऱ्या तपासणीवर जा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स आणि पुढे विन३२-फिजिकल-मेमरी-अ‍ॅरे (विन३२ नंतर अंडरस्कोअर) दिलं की ‘मेमरी एरर करेक्शन’समोर एक आकडा येतो. ३ म्हणजे ईसीसी नाही. ५ किंवा ६ म्हणजे आहे.

पण इथे थांबू नका. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. ही सगळी माहिती बायोसने भरून दिलेल्या तक्त्यातून येते, म्हणजे तो बायोसचा दावा झाला. खरं काय ते लिनक्समधला ईडॅक हा ड्रायव्हर सांगतो, कारण तो थेट मेमरी कंट्रोलरची रजिस्टरं वाचतो. डीमेसेजचा लॉग काढा आणि त्यात ‘ईडॅक’ शोधा. एएमडीच्या मशीनवर ‘डीरॅम ईसीसी डिसेबल्ड’ अशी ओळ दिसली तर विषय संपला, बायोस काहीही म्हणो. ‘ईडॅक एमसी० : गिव्हिंग आउट डिव्हाइस टू मॉड्यूल’ असं दिसलं तर कंट्रोलर खरोखर हजेरी घेतोय. ओळच सापडली नाही तर घाई करू नका. प्रोसेसर नवा आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना असला की ड्रायव्हरला तो प्रोसेसर ओळखूच येत नाही. कर्नल अपडेट करून पुन्हा बघा.

तुमचं मशीन विंडोजचं असलं तरी या एका तपासणीसाठी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) चालवा असंच मी सांगेन. तुमच्या डिस्कला हातही लागत नाही.

दुसरी तपासणी: स्टिकर वाचा, चिपा मोजा

आता कॅबिनेट उघडायचं. मशीन बंद करा, मागचा स्विच बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच पट्टीला.

डीडीआर४ च्या पट्टीवर एका बाजूला काळ्या चिपा मोजा. आठ असतील तर साधी, नऊ असतील तर ईसीसी. ती नववी चिप म्हणजेच बेरजेचा रकाना. डीडीआर५ मध्ये आतून दोन स्वतंत्र वाहिन्या असतात आणि दोघींचा हिशेब वेगळा, म्हणून तिथे बहुतेकदा दहा चिपा दिसतात.

मग स्टिकरवर ‘पीसी४-२६६६व्ही’ अशा धर्तीच्या कोडनंतरचं अक्षर बघा. ‘यू’ म्हणजे साधी रॅम. ‘ई’ म्हणजे ईसीसी आणि अनबफर्ड (मधे रजिस्टर चिप नसलेली), आपल्याला हवी ती. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची. दुसऱ्या लक्षणाचं, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी याचं, मूळ जवळजवळ नेहमी या ‘आर’मध्ये सापडतं. जुन्या सर्व्हरांमधून निघालेली रॅम बाजारात स्वस्तात मिळते, विकणाराही ‘ईसीसी आहे’ म्हणून देतो आणि तो खोटं बोलत नसतो. डीडीआर४ ची ही पट्टी घरच्या मदरबोर्डच्या खाचेत नीट बसतेही. फक्त मशीन चालू होत नाही, कारण घरच्या प्रोसेसरचा कंट्रोलर रजिस्टर्ड रॅमशी बोलतच नाही. त्यावर सेटिंगचा उपाय नाही. परत करा. डीडीआर५ मध्ये दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने ती बसतच नाही, तेवढी घोडचूक टळते.

डीडीआर५ चा सापळा वेगळा. जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहितात आणि लोकांना वाटतं काम झालं. ही दुरुस्ती चिपच्या पोटातल्या पोटात होते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात बिट उलटला तर तिला पत्ता नाही, आणि आत काय दुरुस्त केलं हे ती तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतही नाही. ती प्रत्येक डीडीआर५ रॅममध्ये असतेच, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

एक पट्टी ईसीसी आणि दुसरी साधी अशी जोडीही लावू नका. मग बेरीज कुणाचीच होत नाही.

तिसरी तपासणी: प्रोसेसर आणि बोर्डचा कागद

पैसे अजूनही लागलेले नाहीत, पण इथे वाईट बातमी मिळू शकते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतले बरेच कोअर प्रोसेसर ईसीसी करू शकतात, पण बोर्ड डब्ल्यू६८० चिपसेटचा हवा. बी किंवा झेड मालिकेच्या नेहमीच्या बोर्डवर तोच प्रोसेसर लावा, ईसीसी बंद. एएमडीकडे हात जरा सैल आहे. रायझनच्या बऱ्याच प्रोसेसरांत सोय असते, पण ती जोडायची की नाही हे बोर्ड बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं. आणि नावाच्या शेवटी ‘जी’ असलेले, आत ग्राफिक्सवाले प्रोसेसर? ५६००जी मध्ये ईसीसी नाही. त्याचाच ‘प्रो’ भाऊ ५६५०जी घेतला तर आहे.

मावसभावाचा घोळ नेमका हाच होता. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचावेत म्हणून ‘जी’ प्रोसेसर, त्यावर महागाची ईसीसी रॅम, आणि मशीन एका शब्दाने कुरकुरत नव्हतं. बोर्डच्या माहितीपत्रकातली तळटीप वाचा. ‘ईसीसी मेमरी सपोर्टेड’च्या पुढे कंसात ‘नॉन-ईसीसी मोड’ लिहिलेलं असेल तर अर्थ एवढाच की पट्टी बसेल, चालेल, पण चुका दुरुस्त होणार नाहीत.

चौथी तपासणी: बायोस

कागदावर सगळं जुळलं तरच इथे या. आधी बायोसची आवृत्ती अद्ययावत करा, कारण ईसीसीचा पर्याय नंतरच्या आवृत्तीत आल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलंय. हे काम यूपीएसवरच करायचं. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि घरचा इन्व्हर्टर बदली घेताना जो क्षणभर झटका देतो तेवढाही पुरतो.

मग ईसीसी ‘ऑटो’वर असेल तर ‘एनेबल्ड’ करा. एएमडीच्या बोर्डांवर हा पर्याय बऱ्याचदा ‘एएमडी सीबीएस’ नावाच्या मेनूत, मेमरी कंट्रोलरच्या पोटात, चार पायऱ्या खाली ‘कॉमन आरएएस’मध्ये दडलेला असतो. तिथेच आसपास ‘प्लॅटफॉर्म फर्स्ट एरर हँडलिंग’ सापडलं तर ते बंद करा. ते चालू असताना चुकीची खबर आधी फर्मवेअरकडे जाते, आणि ते बऱ्याचदा गिळून बसतं. दुरुस्ती होत असते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला कळत नाही. आकडा शून्य, आणि तुम्ही निर्धास्त. ज्या रॅमची तब्येत बिघडत चाललीय तिची पूर्वसूचना त्या आकड्यातच मिळणार असते.

‘स्क्रब’ चालू ठेवा. यात कंट्रोलर सवडीने पूर्ण रॅम वाचत फिरतो आणि सापडलेली एकेक चूक तिथल्या तिथे मिटवतो. का, तर त्याच ओळीत दुसरी चूक व्हायच्या आत पहिली निघून जावी. दोन झाल्या की दुरुस्ती नाही, हे वर सांगितलंच.

रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद ठेवा. ईसीसी वेगासाठी घेतलेली नसते.

डीडीआर५ वाल्यांना एक सांगते. सेटिंग बदलून मशीन सुरू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. ते रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी ताळमेळ जुळवणं, चालू असतं. बटण दाबून बंद करू नका, चहा टाका. चहा पिऊन झाला तरी काही दिसत नसेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून, थोडं थांबून परत लावा, बायोस मूळ सेटिंगवर येईल.

पाचवी: खाच, धूळ, ओल

दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच. पट्टी दोन्ही टोकांना ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबा. कोकणात आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यानंतर सोनेरी कडांवर मळकट थर येतो. आपल्याकडे सगळे पेन्सिलचं खोडरबर घासतात. मला ते पटत नाही, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड वापरा, पूर्ण वाळू द्या.

सहावी: आकडा वाढतोय, आता काय?

इथे चौथ्या लक्षणवाल्यांनी कान द्यावा. ईडॅकच्या फोल्डरमध्ये दोन मोजण्या असतात. ‘सीई’ म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका, ‘यूई’ म्हणजे दुरुस्त न झालेल्या. हे आकडे मशीन बंद केलं की पुसले जातात. रोज रात्री सर्व्हर बंद करणाऱ्या एका काकांचा आकडा कायम शून्य असायचा तो त्यामुळे. रासडेमन नावाची सेवा चालू करा, ती प्रत्येक चूक डेटाबेसमध्ये टिपून ठेवते. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’च्या नोंदी बघा.

महिन्या-दोन महिन्यांत एखादी सीई आली तर तारीख लिहून ठेवा आणि झोपा. एकाच पट्टीवर दिवसाला चार-पाच यायला लागल्या तर ती पट्टी चाललीय. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षाला ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांवर चुका सापडल्या होत्या, आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. माझा अनुभवही तोच.

मग अदलाबदल करा. दोन्ही पट्ट्यांच्या जागा बदला आणि आठवडाभर बघा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदला. चूक खाचेतच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि तिथे तुमचं काम संपतं.

रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावणार असाल तर एक लक्षात घ्या. ईसीसी चालू असताना एकेका बिटाच्या चुका परस्पर दुरुस्त होतात, त्यामुळे साधी चाचणी ‘पास’ होते आणि दुखरी पट्टी सुटून जाते. चाचणीपुरतं बायोसमध्ये ईसीसी बंद करा, मग खरं रूप दिसतं. सकाळी परत चालू करायला विसरू नका. मी विसरलेय.

शेवटची, आणि सगळ्यांसाठी नाही

सगळं ‘चालू’ दिसतंय, तरी शंका जात नाही? खात्री करायची तर चूक मुद्दाम घडवावी लागते. मेमटेस्ट८६ च्या विकतच्या आवृत्तीत खोटी चूक टोचायची सोय आहे, पण बरेच बोर्ड ती सोय कुलूपबंद ठेवतात. दुसरा मार्ग म्हणजे रॅमचा वेग एकेक पायरी वाढवत न्यायचा, सीई दिसेपर्यंत. तो करायचा असेल तर आधी डेटाच्या सगळ्या ड्राइव्हच्या केबली काढा आणि पेन ड्राइव्हवरून मशीन चालवा, कारण याच खेळात यूईसुद्धा येऊ शकते. व्होल्टेज वाढवायचं नाही. एक सीई दिसली की सगळं मूळ जागी. पिना तारेने जोडून चूक घडवण्याच्या युक्त्या लोक करतात. त्या तुम्ही करू नका.

कुठे थांबायचं

एक जरी यूई आली, तरी त्या मशीनवर काही लिहू नका. बॅकअप दुसऱ्या जागी आहे ना ते तपासा आणि मशीन बंद करा. ईसीसी म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे कळून उपयोग नसतो. प्रोसेसरच्या खालच्या पिना वाकलेल्या दिसल्या, चूक खाचेला चिकटून राहिली, बायोस अपडेट अर्ध्यात अडकलं, खाचेत काळपट डाग किंवा जळका वास आला, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि बोर्ड दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या. सुईने पिना सरळ करायला जाऊन एका भाच्याला दुरुस्तीऐवजी नवा बोर्डच आणावा लागलाय.

नेताना कोणत्या खाचेतली कोणती पट्टी, सीई-यूईचे आकडे आणि तारखा एका कागदावर लिहून न्या. नुसतं ‘रॅम प्रॉब्लेम’ सांगितलं तर तो मेमटेस्ट लावेल, ईसीसी चालू ठेवूनच लावेल आणि ‘पास’ म्हणून परत देईल. पट्टीवरचं स्टिकर सोलू नका, वॉरंटी त्यावरच असते. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई एका उन्हाळ्यात उडते.